जाळी फोडून मोकळी केलेली गाडी

लहान चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की गाडी 'मोकळी' होते, असा एक समज आहे. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज सुधारते, पुन्हा तुंबण्याची कटकट उरत नाही आणि पीयूसी काय, तशीही निघतेच, अशी चार विधाने एका दमात केली जातात. पिंपरीतले संत तुकाराम नगर, कासारवाडी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या गाड्या पुष्कळ आणि त्या दुरुस्त करणारी गॅरेजेही पुष्कळ. तिथे ही विधाने अनुभवाचे बोल म्हणून खपतात. चारही विधाने चुकीची आहेत. पण ती एकाच कारणाने चुकीची नसल्यामुळे प्रत्येकाची उलटतपासणी वेगळी करावी लागते.

कन्व्हर्टर काढण्याचे काम प्रत्यक्षात तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा म्हणजे कन्व्हर्टरचा डबा कापून काढायचा आणि त्या जागी साधी नळी वेल्ड करायची. दुसऱ्या तऱ्हेत डबा खोलून आतली जाळी सळईने फोडायची, भुगा झटकायचा आणि रिकामा डबा पुन्हा बसवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून ही पद्धत अधिक पसंत केली जाते. तिसरी पहिल्या दोहोंची पुरवणी आहे. डब्यामागचा ऑक्सिजन सेन्सर गडबड ओळखून डॅशबोर्डवर चेक लाइट लावतो. तो दिवा विझवण्यासाठी सेन्सरखाली एक लांब नट बसवून त्याला धुराच्या झोतापासून दूर सरकवतात, किंवा इसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, प्रोग्राममधून ती तपासणीच बंद करतात.

निम्मा घोटाळा 'जाळी' या शब्दाने केला आहे. जाळी म्हटले की चहाची गाळणी डोळ्यांपुढे येते: तिच्यात गाळ साठतो, कधीतरी ती भरते आणि मग झटकावी किंवा फेकावी लागते. कन्व्हर्टर ही गाळणी नव्हे. डब्यात कॉर्डिएराइट नावाच्या, चिनी मातीच्या जातकुळीतल्या पदार्थाची एक वडी असते. तिला चौरस इंचाला साधारण 400 ते 600 या हिशेबाने सरळ आरपार भोके असतात. भोकांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिना आणि सेरियम ऑक्साइडचा खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण असतात. धूर या भोकांतून जातो, भिंतींना घासत जातो आणि बाहेर पडतो. आत काही धरून ठेवले जात नाही. फरक इतकाच की आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो, न जळलेल्या पेट्रोलची वाफ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन येते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन उरतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. तेव्हा हा डबा वापराने 'भरत' नाही. तो तुंबलेला आढळला तर तो कशाने तरी तुंबवला गेलेला असतो.

तीन प्रदूषके एकाच वेळी निपटण्याची ही करामत एका अटीवर चालते. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 याच्या अगदी जवळ राहिले पाहिजे. हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे फुटेनाशी होतात, पेट्रोल जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड जळेनासा होतो. म्हणूनच 1976 च्या सुमारास बॉशचा लँब्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, आला आणि व्होल्वोने तो गाडीत घातला, तेव्हा कुठे तिहेरी कन्व्हर्टर व्यवहारात उतरला. त्यापूर्वी यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत कन्व्हर्टरची कल्पना मांडली होती, पण पेट्रोलमधले शिसे त्याला मारत होते. आजच्या कुठल्याही लहान गाडीचा इसीयू कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या पुढच्या सेन्सरचे ऐकून सेकंदाला एकदोनदा पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित घटवतो. ही झुलवाझुलव तो इंजिनसाठी करत नाही, कन्व्हर्टरसाठी करतो. सेरियमच्या लेपात ऑक्सिजन साठवायचा आणि काढायचा, हा त्यामागचा हेतू असतो.

'मोकळ्या' गाडीच्या समजाला इथेच पहिला तडा जातो. कन्व्हर्टर काढला तरी इसीयू पेट्रोल 14.7 च्याच हिशेबाने सोडत राहतो. पुढचा सेन्सर जागेवर आहे, त्याचा हुकूम तोच आहे. अधिक पातळ मिश्रणावर चालवून पेट्रोल वाचवण्याची जी शक्यता कागदावर दिसते, ती जाळी फोडल्याने अमलात येत नाही. त्यासाठी इंजिनचे कॅलिब्रेशन मुळापासून वेगळे करावे लागेल, आणि ते काम गॅरेजच्या लॅपटॉपवर तासाभरात होणारे नाही. मागचा सेन्सरही काही गाड्यांत मिश्रणाची बारीक दुरुस्ती करतो. त्याला नटावर चढवून बहिरा केला, तर काही इंजिने सुरक्षिततेसाठी पेट्रोल थोडे जास्तच सोडू लागतात. अ‍ॅव्हरेज वाढवायला गेलेला माणूस अशा वेळी ते घालवून परत येतो.

आता अ‍ॅव्हरेजचा मूळ युक्तिवाद: कन्व्हर्टर धुराला अडवतो, अडथळा गेला की इंजिनचे श्रम वाचतात. अडथळा असतो हे खरे. किती असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ताशी 50 किलोमीटरने जाणारी आणि लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी तासाला अडीच लिटर, म्हणजे सुमारे 1.9 किलो पेट्रोल जाळते. त्याच्या 14.7 पट हवा धरली तर तासाला 27-28 किलो हवा इंजिनातून जाते. तीच गाडी पूर्ण ताकदीने पळवली तर हा आकडा दहापटीच्या घरात जातो. म्हणजे नाशिक फाट्यावरून पिंपरीकडे येताना कन्व्हर्टरमधून त्याच्या क्षमतेच्या जेमतेम एक दशांश धूर वाहत असतो. धडधाकट कन्व्हर्टर पूर्ण प्रवाहाला काही किलोपास्कल दाब अडवतो. एक दशांश प्रवाहाला तो एक किलोपास्कलही अडवत नाही.

त्याच क्षणी इंजिनच्या दुसऱ्या टोकाला काय चाललेले असते? अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला, थ्रॉटल बहुतांश बंद. पुणे-पिंपरीच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो; थ्रॉटलच्या आत, मॅनिफोल्डमध्ये, तो 40-45 वर आलेला असतो. इंजिन 50 किलोपास्कलच्या ओढीविरुद्ध श्वास घेते आणि एका किलोपास्कलहून कमी अडथळ्याविरुद्ध सोडते. या ओढीत इंजिनच्या शक्तीचा दहावा हिस्सा जातो असे धरले, तर कन्व्हर्टर काढून वाचणारी शक्ती हजारात दोन भाग भरते. लिटरमागे 40 मीटर. पिंपरी चौकातला एक लाल सिग्नल याहून जास्त खातो.

मग 'आमच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज दोनने वाढले' असे सांगणारे खोटे बोलतात का? बहुधा नाही. जाळी फोडायला आलेल्या गाडीचे त्याच दिवशी प्लग बदलले जातात, एअर फिल्टर नवा पडतो, इंजेक्टर धुतले जातात, बॅटरीची वायर काढून इसीयू रीसेट होतो. ज्या गाडीला वर्षभर हात लागला नव्हता, तिला एका दिवसात सगळे मिळते आणि श्रेय मात्र भंगारात गेलेल्या डब्याला जाते. टाकी ते टाकी मोजलेले अ‍ॅव्हरेज चाकांतली हवा, एसी, वाहतूक, पंपावर नोझल किती लवकर बंद झाले यांवर सहज पाच टक्के इकडेतिकडे होते. दोन दशांश टक्क्यांचा फरक त्या मापात दिसणे अशक्य आहे. उलटही घडते. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रार वाढली. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडी घट अटळ आहे. त्या घटीचे खापरही कन्व्हर्टरवर फोडायला गॅरेजवाला तयार असतोच.

पिकअपच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मान्य करायला हवा. पूर्ण थ्रॉटलला, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, मोकळी नळी लहान इंजिनला एकदोन टक्के अधिक शक्ती देऊ शकते. 80 अश्वशक्तीच्या गाडीला एखाददुसरी अश्वशक्ती. रेसच्या ट्रॅकवर तिला किंमत आहे. ग्रेड सेपरेटरवर 80 च्या पुढे काटा नेऊ न शकणाऱ्या गाडीला ती कधी भेटतच नाही. भेटतो तो आवाज. कन्व्हर्टर आवाजही थोडा गिळतो. तो गेला की गाडी खर्जात बोलू लागते आणि कानाला वेग जाणवतो.

मात्र एका बाबतीत जाळी काढल्यावर गाडी खरोखरच धावू लागते: कन्व्हर्टर तुंबलेला असेल तेव्हा. सगळ्या समजाचा उगम हाच आहे, म्हणून इथे थांबले पाहिजे. तुंबलेल्या कन्व्हर्टरची गाडी चढाला दम टाकते, तीन हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही, कधी तापते, कधी बंद पडते. अशा गाडीची जाळी फोडली की ती चौखूर उधळते आणि मालक गावभर सांगत सुटतो. त्याने अनुभवलेला फरक हा बंद नळी आणि उघडी नळी यांच्यातला आहे, कन्व्हर्टर असणे आणि नसणे यांच्यातला नव्हे. नवा कन्व्हर्टर बसवला असता तरी गाडी तितकीच धावली असती.

आणि तो तुंबला कशाने? बहुतेक वेळा मिसफायरने. एखादी इग्निशन कॉइल मेली किंवा प्लग झिजला, की एका सिलिंडरचे पेट्रोल न जळता नळीत जाते आणि कन्व्हर्टरच्या धगीत पेट घेते. चारपैकी एक सिलिंडर मुका झाला तर इंधनाचा चौथा हिस्सा तिथे जळतो. नेहमी 400 ते 800 अंश सेल्सियसमध्ये काम करणारी वडी हजाराच्या पुढे तापली की तिचा लेप मरतो. 1400 च्या वर गेली की कॉर्डिएराइटच वितळून भोके बुजतात. दुसरे कारण म्हणजे ऑइल पिणारे इंजिन. झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील यांतून जळणाऱ्या ऑइलमधले फॉस्फरस व जस्त लेपावर बसतात. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तर तेही विषच. चेक लाइट लागला असताना 'चालते आहे ना' म्हणत महिनोन्महिने गाडी दामटणे हे या सगळ्यांना जोडणारे सूत्र.

म्हणजे तुंबलेला कन्व्हर्टर हा आजार नसून आजाराची खूण आहे. जाळी फोडल्याने कॉइल सुधारत नाही, रिंगा भरून येत नाहीत. फक्त यापुढे मिसफायर झाला तर तुंबायला काही उरत नाही, म्हणून तो कळायचाच थांबतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढत राहते आणि एक दिवस इंजिनच खोलावे लागते. 'पुन्हा तुंबण्याची कटकट नाही' या शब्दांचा अर्थ इतकाच.

निदान करायला फार सामग्री लागत नाही. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबमापक बसवून बॅक प्रेशर पाहता येते: आयडलला सुमारे दीड पीएसआय आणि अडीच हजार फेऱ्यांना तीन पीएसआय यांच्या आत ते असेल, तर नळी बंद नाही आणि पिकअपचे कारण दुसरीकडे आहे. स्कॅनरवर कन्व्हर्टरबद्दलचा पी-0420 हा कोड आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असेही नाही. मॅनिफोल्डची गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत येत असली तरी तो येतो, आणि सेन्सर म्हातारा झाला तरी येतो. स्कॅनर लावून कोड वाचला, फोनवर त्याचा अर्थ शोधला आणि कटर उचलला, याला निदान म्हणत नाहीत.

सीएनजीवाल्यांचा युक्तिवाद वेगळा असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये लहान गाड्यांना सीएनजी किट सर्रास बसवलेले असते, आणि 'गॅस मुळातच स्वच्छ, त्याला कॅट कशाला' असे विचारले जाते. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. सगळ्या हायड्रोकार्बनांत जाळायला सर्वांत चिवट तोच; त्यासाठी कन्व्हर्टर अधिक तापलेला आणि त्यात पॅलेडियम अधिक असावे लागते. शतकाच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पटींच्या आसपास उष्णता धरतो. शिवाय इंजिनच्या सिलिंडरमधल्या हवेतला नायट्रोजन जळतो तो तापमानामुळे. इंधन पेट्रोल आहे की गॅस, याची त्याला फिकीर नसते. सीएनजीच्या गाडीतून काजळी कमी येते, एवढ्यावरून तिला कन्व्हर्टरमधून सूट देणे म्हणजे धुराचा फक्त रंग पाहणे होय.

रंगाचा मुद्दा एकूणच महत्त्वाचा आहे, कारण पेट्रोल गाडीच्या बाबतीत जे घातक ते दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जाळी फोडून पुन्हा वेल्ड केलेल्या डब्याचा सांधा बहुधा गाडीच्या पोटाखालीच असतो. तो उलला की गळती थेट केबिनखाली. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये अशी गाडी दहा मिनिटे सुरू ठेवली, तर तिथल्या हवेत काय मिसळते ते वॉचमनच्या डोकेदुखीखेरीज कशानेही कळणार नाही.

'एका गाडीने काय होते, समोर ट्रक बघा, कारखाने बघा' हा या सगळ्यांतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत आळशी युक्तिवाद. तापलेला, धडधाकट कन्व्हर्टर तिन्ही प्रदूषके 90 टक्क्यांहून जास्त कमी करतो. तेव्हा जाळी फोडलेली एक गाडी रस्त्यावर दहा गाड्यांइतकी, नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या बाबतीत त्याहूनही अधिक गाड्यांइतकी भरते. शंभर गाड्यांच्या सोसायटीत दहा जणांनी हा उद्योग केला, तर उरलेल्या नव्वद जणांनी मिळून सोडलेल्या धुरापेक्षा त्या दहांचाच धूर जास्त होतो. भारत स्टेज 6 या उत्सर्जन मानकात पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे एक ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे 0.06 ग्रॅम एवढीच मुभा आहे. कन्व्हर्टरविना कोणतेही लहान इंजिन या आकड्यांच्या जवळपासही फिरकत नाही. कारखान्याचे धुराडे उंच असते, गाडीचा सायलेन्सर गुडघ्याच्या खाली. संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, डी. वाय. पाटील रुग्णालय आहे, शेजारी वल्लभनगरचे एसटी आगार, आणि मार्च 2022 पासून मेट्रोचे स्थानक. दम्याचा रुग्ण, एसटीची वाट पाहणारी बाई आणि आयडलवर उभी असलेली गाडी यांच्यात इथे काही फुटांचे अंतर असते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलची वाफ उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हा पुढचा अध्याय. मार्च ते मेमध्ये पिंपरीत उन्हाची टंचाई नसते.

छोट्या अंतरांचाही दाखला दिला जातो: कन्व्हर्टर 250-300 अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामच करत नाही, घर ते कंपनी चार किलोमीटर, मग तो असून नसून सारखा. अर्धी गोष्ट खरी आहे. थंड गाडीची पहिली एकदोन मिनिटे घाणेरडी असतातच. नेमके म्हणूनच गेल्या वीसेक वर्षांत कन्व्हर्टर पोटाखालून उचलून मॅनिफोल्डला चिकटवले गेले, जेणेकरून ते लवकर तापावेत. भोसरी गाठेपर्यंत तर जुन्या पद्धतीचा डबाही कामाला लागलेला असतो.

पीयूसीचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे, कारण त्यात व्यवस्थेची लाज आहे. 'निघतेच' हे वाक्य पुष्कळदा खरे ठरते. भारत स्टेज 4 आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे, आणि वाढवलेल्या आयडलला मोनॉक्साइड 0.2 टक्के. कन्व्हर्टर नसलेली गाडी प्रामाणिक मापात इथे सहसा अडकते. मात्र भारत स्टेज 2 आणि 3 च्या गाड्यांना मर्यादा सैल, 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. ती तापलेल्या, नीट ट्यून केलेल्या इंजिनाला कन्व्हर्टरविनाही कधीकधी जमते. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे पीयूसीत मोजलीच जात नाहीत, आणि मोजली तरी उभ्या गाडीत ती फारशी निघत नाहीत. ती निघतात भार पडल्यावर, चढाला. एवढी भोके असलेल्या चाळणीतून गाडी निसटली, यावरून गाडी स्वच्छ ठरत नाही. चाळणी बदलावी, असा निष्कर्ष निघतो. तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये न घालताच मिळालेल्या प्रमाणपत्राचा दाखला देणारे तर स्वतःच्या बाजूचा साक्षीदार स्वतःच फितूर असल्याचे सांगत असतात.

पूर्वी गाड्यांना कन्व्हर्टर नव्हते, तेव्हा काय माणसे मेली? हा प्रश्न विचारणारे सोयीने विसरतात की पूर्वी पेट्रोलमध्ये शिसेही होते. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांतून 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. 2000 च्या फेब्रुवारीपासून शिसे देशभरातून गेले. म्हणजे लहान मुलांच्या रक्तात पेट्रोल पंपावरून पोचणारे शिसे हटले, ते काही अंशी या डब्याच्या नाजूक प्रकृतीमुळे. पुढे गंधकही घटत गेले: भारत स्टेज 4 च्या पेट्रोलमध्ये 50 पीपीएम, 1 एप्रिल 2020 पासून 10. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी त्यासाठी केलेला खर्च पंपावर ग्राहकाकडून वसूल झाला आहे. कन्व्हर्टरसाठी शुद्ध केलेले महाग पेट्रोल विकत घ्यायचे आणि कन्व्हर्टर भंगारात द्यायचा, यात काटकसर कुठे आहे?

भंगारात दिलेल्या त्या डब्याचे पुढे काय होते, हेही पाहावे. लहान गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू काही ग्रॅमच असतात, पण मार्च 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला 29 हजार डॉलरच्या आसपास गेला होता. तेव्हाच्या विनिमय दराने ग्रॅमला साठ-सत्तर हजार रुपये. त्याच सुमारास गुजरात आणि महाराष्ट्रात, पुणे व पिंपरी-चिंचवडसह, मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. तेव्हाची ईको ही 1196 सीसीची, चार सिलिंडरची गाडी. शाळेची मुले, दुकानाचा माल, रुग्ण यांची ने-आण करणारी आणि रात्री रस्त्यावर उभी राहणारी. तिचा डबा पोटाखाली सहज हाती लागतो. चोरांच्या टोळ्या पकडल्या गेल्या, तेव्हा लोकांना कळले की सायलेन्सरमध्ये सोन्याहून महाग काहीतरी असते. चोरांना ते आधीच माहीत होते. भाव नंतर बराच उतरला, पण डब्याला किंमत आहेच. एवढे ठाऊक असताना गाडीचा मालक दिवसाढवळ्या तोच डबा गॅरेजमध्ये कापून देतो, कापण्याची मजुरी वर देतो, आणि 'जुना माल इथेच राहू द्या' म्हटल्यावर मान डोलावतो. गाडी मोकळी करण्याचा सल्ला कोणाच्या फायद्याचा, याचा उलगडा या व्यवहारात होतो. सगळे मेस्त्री असे नसतात. काही जण ग्राहकाचे भले म्हणूनच हे करतात. सल्ला तरीही चुकीचाच राहतो.

कायदा संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये सुधारलेल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवाप्रदूषणाची मानके मोडली तर कलम 190 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, आणि परवान्यावर तीन महिन्यांची गदा. अंमलबजावणी ढिली आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की ज्या मानकांवर या गाड्या पास होतात, त्यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्था इथल्याच: एआरएआय 1966 पासून पुण्यात, तिचे केंद्र चाकणला, सीआयआरटी तर संत तुकाराम नगरापासून जवळच, भोसरीत. डिसेंबर 1998 मध्ये बाजारात आलेली 1405 सीसीची इंडिका पिंपरीत घडली. ज्या पट्ट्यात हजारो लोकांची चूल गाडी नीट बनवण्यावर पेटते, त्याच पट्ट्यात ती बिघडवण्याला सुधारणा म्हटले जाते.

राहिला खर्चाचा युक्तिवाद, आणि तो एकटाच वजनदार आहे. कंपनीचा नवा कन्व्हर्टर महाग असतो. पंधरा वर्षांच्या गाडीच्या बाजारभावाचा मोठा तुकडा त्यात जातो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा खर्च डोईजड वाटला, तर त्याला निष्काळजी म्हणणे सोपे पण अन्यायाचे आहे. याचे उत्तर क्रमाने द्यावे लागते. आधी बॅक प्रेशर मोजावे, कारण पुष्कळ गाड्यांत कन्व्हर्टर ठीक असून खर्च कॉइल, प्लग किंवा गॅस्केटचा निघतो. तो खरोखर गेला असेल, तर ज्याने तो मारला ते आधी दुरुस्त करावे. नाहीतर नवाही सहा महिन्यांत जातो. मग त्या मॉडेलच्या इंजिनला आणि मानकाला जुळणारा, बाहेरच्या नामांकित उत्पादकाचा कन्व्हर्टर पाहावा. तो कंपनीच्या भागापेक्षा स्वस्त पडतो. बिल घ्यावे आणि जुना डबा वजनावर नव्हे, त्यातल्या धातूच्या भावाने विकून ती रक्कम खर्चातून वजा करावी. आणि ऑइल पिणाऱ्या इंजिनची दुरुस्ती व कन्व्हर्टर मिळून गाडीच्या किमतीपलीकडे जात असतील, तर त्या गाडीचे आयुष्य संपले आहे. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात ती द्यावी आणि जमा प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीच्या नोंदणीत सवलत मागावी. स्क्रॅप केंद्र गाडीचे मोल ठरवते तेव्हा कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही, हे आधी पाहिले जाते.